सांध्यांची परीक्षा : आगीतल्या पोलादाचा एक दुर्लक्षित इतिहास

पोलादी सांगाड्याची इमारत आगीत कोसळली असे वाचले की आपल्या डोळ्यांपुढे पहिले चित्र उभे राहते ते वितळून ओघळणाऱ्या लोखंडाचे. हे चित्र चुकीचे आहे. पोलाद वितळायला सुमारे १५०० अंश सेल्सिअस इतके तापमान लागते; टेबले, कपाटे, कागदपत्रे आणि गालिचे जळून भडकलेल्या आगीत खोलीतली हवा साधारणपणे हजार-बाराशे अंशांच्या पलीकडे जात नाही. इमारतीतले पोलाद वितळत नाही. ते लांबते, मऊ होते, लोंबते, आणि आग ओसरल्यावर पुन्हा आखडते. ह्या चारही क्रियांचा हिशेब शेवटी जिथे चुकता करावा लागतो ती जागा म्हणजे तुळई आणि खांब ह्यांना बांधून ठेवणारा सांधा. दोन प्लेटा, चार-सहा बोल्ट, हातभर वेल्डिंग, एवढाच त्याचा पसारा. इमारतींच्या आणि आगींच्या इतिहासात खांबांवर पुष्कळ लिहिले गेले, तुळयांवरही लिहिले गेले. सांध्याकडे मात्र जवळजवळ दोनशे वर्षे कोणी पुरेशा गांभीर्याने पाहिले नाही. असे का झाले, आणि पाहायला भाग पडले ते कोणत्या प्रसंगांनी, ह्याचा मागोवा घेण्याचा आमचा ह्या लेखात विचार आहे.

विषय रूक्ष वाटेल, परंतु त्यातले मूळ तत्त्व आपल्याकडच्या लोहाराला पूर्वापार ठाऊक होते. ज्यांचे बालपण खेड्यात गेले त्यांनी बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना पाहिले असेल. चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान अशी लोखंडी धाव गोवऱ्यांच्या आगीत लाल होईपर्यंत तापवायची, म्हणजे ती फुगते. मग सांडशांनी उचलून लाकडी चाकावर बसवायची आणि वरून भराभर पाणी ओतायचे. धाव आखडते, आणि आरे, तुंबा, लाकडी घेर ह्यांचे सगळे सांधे करकर आवाज करीत एकमेकांत घट्ट बसतात. निवणाऱ्या लोखंडात केवढे बळ असते ह्याचा ह्याहून सोपा पुरावा नाही. चाकाचे सांधे हे बळ आवळते, कारण त्याची दिशा आत, तुंब्याकडे आहे. इमारतीत मात्र तुळई दोन खांबांच्या मध्ये अडकलेली असते. ती निवताना आखडू लागली की तिची ओढ सांध्याला उकलण्याच्या दिशेने लागते. लोहाराने जे बळ कामाला लावले तेच बळ इमारतीच्या मुळावर येऊ शकते, ही गोष्ट अभियांत्रिकीच्या ग्रंथांत ठळकपणे यायला विसाव्या शतकाचे शेवटचे दशक उजाडावे लागले.

आरंभ अर्थातच अगदी निराळ्या समजुतीने झाला. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या सूतगिरण्या लाकडी तुळयांच्या आणि लाकडी तक्तपोशीच्या असत. तेल, धागा आणि दिव्याची ज्योत ह्यांच्या संगतीत त्या वारंवार जळत. त्यावर उपाय म्हणून चार्ल्स बेज ह्याने १७९७ साली श्रूसबरी येथे जवसाच्या धाग्याची एक गिरणी उभारली. तिचे खांबही ओतीव लोखंडाचे आणि तुळयाही ओतीव लोखंडाच्या. तुळयांच्या मधल्या जागेत विटांच्या कमानी. लोखंडी सांगाड्याची जगातली पहिली इमारत म्हणून आज तिचा उल्लेख होतो. लोखंड जळत नाही, म्हणून लोखंडी इमारत ‘अग्निरोधक’, असा सरळ हिशेब त्या काळी मांडला गेला आणि तो पन्नासएक वर्षे टिकला.

त्याला पहिला जाहीर छेद दिला तो लंडनच्या आगबंबांचा प्रमुख जेम्स ब्रेडवुड ह्याने. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्याने अभियंत्यांपुढे असे मांडले की लोखंड जळत नाही हे खरे असले तरी आगीत ते निरुपद्रवी राहत नाही. तापलेल्या ओतीव लोखंडावर थंड पाणी पडले की ते तडकते. खांब तापून दुबळे होतात. आणि लांबलचक तुळया प्रसरण पावून ज्या भिंतींवर टेकल्या आहेत त्या भिंतींनाच बाहेर ढकलतात. हा शेवटचा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण दीडशे वर्षांनंतर तो पुन्हा आपल्यापुढे येणार आहे. गोदामांच्या आतल्या आगीत माणसे पाठवण्याबद्दल ब्रेडवुड सावध असे. २२ जून १८६१ रोजी लंडन ब्रिजजवळच्या टूली स्ट्रीटवर गोदामांना लागलेल्या प्रचंड आगीत एक भिंत कोसळून तो स्वतःच तिच्याखाली सापडून मरण पावला.

त्याच दशकात मुंबईत एक इमारत उभी राहत होती. काळा घोडा परिसरातले वॉटसन हॉटेल, ज्याला पुढे एस्प्लनेड मॅन्शन म्हणू लागले, त्याचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून तुकड्यातुकड्यांनी जहाजातून आणला गेला आणि इथे जुळवण्यात आला. रोलंड मेसन ऑर्डिश हा त्याचा रचनाकार. ह्या इमारतीचे कौतुक करणारे बहुतेक जण तिच्या खांबांचे आणि सज्जांचे कौतुक करतात. आमचे लक्ष मात्र एका साध्या गोष्टीकडे जाते. खांब विलायती, तुळया विलायती. मुंबईत घडले ते काय, तर सांधे. लोखंडी किंवा पोलादी सांगाड्याची इमारत ही मुळात सांध्यांची इमारत असते. विटा-चुन्याच्या भिंतीत सांधा सर्वत्र पसरलेला असतो. सांगाड्यात तो मोजक्या जागी एकवटतो. म्हणून त्या मोजक्या जागांवरची जबाबदारीही मोठी.

तरीही पुढच्या काळात सारे लक्ष सुट्या अवयवांवर गेले, आणि त्याला कारण होते. १८७१ च्या शिकागोच्या महाभयंकर आगीने उघड्या लोखंडाची दैना साऱ्या जगाने पाहिली. त्यानंतर त्याच शहरात सांगाड्याच्या उंच इमारतींचे युग सुरू झाले तेव्हा लोखंड-पोलाद भाजक्या मातीच्या, विटांच्या किंवा काँक्रीटच्या आवरणात झाकायची रीत पडली. मग प्रश्न आला की किती जाड आवरण पुरे? त्याचे उत्तर शोधण्यासाठी भट्ट्या बांधल्या गेल्या. १९१८ साली अमेरिकेत भट्टीचे तापमान वेळेनुसार कसे वाढवत न्यायचे ह्याचा एक प्रमाण आलेख स्वीकारला गेला. त्याच्याशी मिळताजुळता आंतरराष्ट्रीय आलेख असे सांगतो की अर्ध्या तासाला भट्टी सुमारे ८४२ अंशांवर, तासाभराने ९४५ अंशांवर आणि दोन तासांनी १०४९ अंशांवर असावी. ह्या भट्टीत एक खांब उभा करायचा किंवा एक तुळई आडवी टाकायची, भार द्यायचा, आणि ती किती वेळ तग धरते ते घड्याळात पाहायचे. तास-दोन तासांचा दाखला मिळाला की काम झाले.

ह्या पद्धतीने असंख्य प्राण वाचवले आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. पण तिच्यात दोन गोष्टी नव्हत्या. एक म्हणजे शेजारी. भट्टीतली तुळई दोन टेकूंवर मोकळी ठेवलेली असते. तिला लांबायचे असेल तर अडवणारा कोणी नाही, आखडायचे असेल तर धरून ठेवणारा कोणी नाही. दुसरी गोष्ट म्हणजे उतार. प्रमाण आलेख फक्त चढत जातो. तो कधी खाली येत नाही. खरी आग पेटते, भडकते आणि जळण्यासारखे संपले की विझते. सांध्याची खरी कसोटी शेजाऱ्यांमुळे आणि उतारावर लागते. भट्टीत शेजारीही नव्हते आणि उतारही नव्हता. म्हणून सांध्याची परीक्षा झालीच नाही.

परीक्षा न घेण्यामागे एक युक्तिवादही होता, आणि तो वरवर पाहता बिनतोड होता. सांधा तुळईइतका तापत नाही, हे निरीक्षण खरे आहे. स्वयंपाकघरातले उदाहरण घ्यावे. पत्र्याचा पातळ तवा चटकन तापतो. बिडाचा जाड तवा उशिरा तापतो. धातूचा ऐवज जास्त आणि आगीला सामोरा पृष्ठभाग कमी, म्हणजे तापणे सावकाश. सांध्यात खांबाची जाडी, तुळईची जाडी, प्लेट आणि बोल्ट असा सगळा ऐवज एकत्र आलेला असतो. शिवाय वरच्या बाजूला काँक्रीटच्या स्लॅबची सावली असते. युरोपच्या २००५ सालच्या पोलादी बांधकामाच्या अग्निसंहितेत ह्याचे सोपे कोष्टक दिले आहे. ४० सेंटिमीटरपर्यंत उंचीची तुळई असेल आणि तिच्यावर स्लॅब असेल, तर तुळईच्या मध्यावर खालच्या बाजूचे जे तापमान असेल त्याच्या सुमारे ८८ टक्के तापमान सांध्याच्या तळाशी आणि ६२ टक्के सांध्याच्या माथ्याशी धरावे. म्हणजे तुळई ७०० अंशांवर असताना सांध्याचा तळ सुमारे ६१६ अंशांवर आणि माथा ४३४ अंशांवर. ऐंशीएक अंशांची सवलत. मग काळजी कशाला?

काळजी एवढ्यासाठी की बोल्टाचे पोलाद आणि तुळईचे पोलाद एका जातीचे नाही. उच्च ताकदीच्या बोल्टाला त्याची ताकद मिळते ती ‘पाणी देण्या’मुळे, म्हणजे तापवून झटकन निववण्याच्या आणि पुन्हा बेताने तापवण्याच्या संस्कारामुळे. आग हा संस्कार पुसून टाकते. त्याच संहितेचे आकडे सांगतात की ६०० अंशांवर साध्या बांधकामी पोलादात मूळ ताकदीचा सुमारे ४७ टक्के भाग शिल्लक असतो, तर बोल्टात अवघा २२ टक्के. आता वरचा हिशेब पुन्हा करून पाहावा. ७०० अंशांवरच्या तुळईत २३ टक्के ताकद उरते. ६१६ अंशांवरच्या बोल्टात साधारण २० टक्के. थंडपणाची जी सवलत मिळाली असे वाटले होते ती बोल्टाच्या स्वभावाने परत घेतली. आणि बिडाच्या तव्याचा दुसरा गुण तर आपण विसरूनच गेलो होतो. तो उशिरा तापतो तसा उशिरा निवतोही. आग ओसरल्यावर तुळई निवून आखडायला लागते तेव्हा सांधा अजून पुरता सावरलेला नसतो.

हे सारे कागदावरून प्रत्यक्षात दिसले ते एका अपघाताने. २३ जून १९९० रोजी लंडनच्या ब्रॉडगेट भागात, बांधकाम चालू असलेल्या एका चौदा मजली पोलादी इमारतीत, कंत्राटदाराच्या तात्पुरत्या शेडला आग लागली. स्प्रिंकलर अजून सुरू झालेले नव्हते. सगळ्या पोलादावर संरक्षक आवरणही चढलेले नव्हते. आग साडेचार तास चालली आणि तिचे तापमान काही काळ हजार अंशांच्या वर गेले. भट्टीतल्या चाचण्यांचा न्याय लावला तर मोठी पडझड व्हायला हवी होती. ती झाली नाही. काही खांब दहाएक सेंटिमीटर खचून आखूड झाले, मजल्यांच्या तुळया आणि कैच्या फूट-दीड फूट लोंबल्या, पण इमारत उभी राहिली आणि कोणी दगावले नाही. आग विझल्यावर तपासणी करणाऱ्यांना काही सांध्यांच्या प्लेटा वाकलेल्या आणि काही बोल्ट तुटलेले आढळले. आणि हे तुटणे आग भडकत असताना नव्हे तर पोलाद निवत असताना झाले असावे, असे दिसले.

ब्रॉडगेटने दोन धडे दिले. पहिला दिलासा देणारा होता, की अखंड सांगाडा सुट्या तुळईपेक्षा पुष्कळ चिवट असतो. दुसरा अस्वस्थ करणारा, की त्या चिवटपणाची किंमत सांधे मोजतात. ह्या दोन्ही धड्यांची शहानिशा करायची तर पुरी इमारतच जाळून पाहायला हवी होती. ते शक्य झाले बेडफर्डशायरमधल्या कार्डिंग्टन येथे.

कार्डिंग्टनचा आपल्या इतिहासाशी एक जुना धागा आहे. तिथल्या प्रचंड हवाईजहाजगृहांच्या तळावरून ४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी आर-१०१ नावाचे हायड्रोजनवर तरंगणारे हवाईजहाज हिंदुस्थानला, कराचीला यायला निघाले. ते फ्रान्सच्या पलीकडे पोचलेच नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे बोव्हे गावाजवळ ते टेकडीवर आदळून पेटले आणि ५४ पैकी ४८ माणसे मरण पावली. हवाईजहाजांचा उद्योग ब्रिटनने त्यानंतर गुंडाळला. पुढे साठ-पासष्ट वर्षांनी ह्याच जहाजगृहांपैकी एकाच्या छताखाली आठ मजली, ३३ मीटर उंचीची, ४५ मीटर लांब आणि २१ मीटर रुंद अशी पोलादी कार्यालयीन इमारत केवळ प्रयोगासाठी उभारण्यात आली. तिच्यात खऱ्या इमारतीइतका भार म्हणून वाळूची पोती ठेवली आणि १९९५-९६ च्या सुमारास तिच्या निरनिराळ्या भागांत एकामागून एक आगी लावल्या.

निष्कर्ष ब्रॉडगेटला दुजोरा देणारे निघाले. उघड्या तुळया हजार अंशांच्या पलीकडे तापल्या, मजले अर्ध्या मीटरहून अधिक लोंबले, तरी इमारत पडली नाही. काँक्रीटचा स्लॅब आणि त्यातली जाळी झोळीसारखी ताणली जाऊन भार आजूबाजूच्या थंड भागांकडे नेत होती. पण सांध्यांजवळ जाऊन पाहिले तेव्हा आगीचा सगळा वृत्तांत तिथे कोरलेला आढळला. आधी तुळई तापून लांबू पाहते. नऊ मीटरची तुळई पाचशे अंशांनी तापली तर ती सहा सेंटिमीटरांहून अधिक लांब व्हायला हवी. दोन्हीकडे खांब असल्यामुळे तिला जागा मिळत नाही. म्हणून सांध्याला लागून तुळईचा खालचा फ्लँज चुरगळतो. नंतर ती मऊ होऊन लोंबते आणि ढकलणे थांबून ओढणे सुरू होते. शेवटी आग ओसरते. चुरगळलेली आणि ताणलेली तुळई आता मूळची राहिलेली नाही. तिचा काही आखूडपणा कायमचा झाला आहे. ती निवत जाते तसतशी धावेसारखी आवळत जाते, आणि सांध्याच्या प्लेटेला वेल्डिंगच्या कडेने चीर पडते.

ही चीर बहुधा एकाच बाजूला पडलेली आढळली, हे लक्षणीय होते. तुळईच्या टोकाला वेल्ड केलेली पातळ प्लेट डाव्या-उजव्या बोल्टांनी खांबाला धरलेली असते. तिची एक बाजू फाटली की सांधा सैल होतो, ओढ कमी होते आणि दुसरी बाजू वाचते. तेवढ्या अर्ध्या आधारावर तुळई लटकून राहते. जिथे नुसत्या उभ्या पट्टीला बोल्ट मारून तुळई जोडली होती तिथे मात्र काही ठिकाणी बोल्टच कापले गेले. जानेवारी २००३ मध्ये ह्याच इमारतीत सातवी चाचणी झाली तेव्हा सांध्यांचे तापमान आणि त्यांच्यातले बळ मोजणे हा तिच्या मुख्य हेतूंपैकी एक होता. सांध्याला अखेर परीक्षेला बसवले गेले होते. पण तोवर न्यूयॉर्कमध्ये परीक्षा होऊन गेली होती.

११ सप्टेंबर २००१ च्या दिवसाबद्दल इतके लिहिले गेले आहे की त्यात भर घालण्याचा आमचा हेतू नाही. केवळ सांध्यांच्या दृष्टीने पाहिले तर त्या एका आवारात तीन इमारतींनी तीन वेगवेगळे पाठ दिले.

पहिला पाठ क्रमांक पाचच्या नऊ मजली इमारतीचा. तिच्यावर विमान आदळले नव्हते. जळत्या ढिगाऱ्याने तिला आग लागली आणि ती कोणी विझवली नाही. वरच्या मजल्यांचा एक भाग आतल्या आत एकावर एक कोसळला. मे २००२ च्या सरकारी अहवालात त्याचे कारण सांध्यांत शोधले आहे. खांबांना तुळयांचे आखूड तुकडे पक्के जोडलेले होते आणि मधली तुळई त्या तुकड्यांच्या टोकांना पट्टी आणि बोल्ट ह्यांनी टांगलेली होती. तुळई तापून लोंबली, तिने ओढ घेतली, आणि बोल्ट पट्टीचे भोक फाडून बाहेर आले. सांध्याचा हिशेब केला होता तो उभ्या भाराचा; आडव्या ओढीचा विचार करून तो बांधलेला नव्हता.

दुसरा पाठ दोन मनोऱ्यांचा, आणि तो बरोबर उलटा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या २००५ च्या अहवालानुसार विमानांच्या धडकेने मध्यभागातले खांब आणि पोलादावरचे संरक्षक आवरण ह्यांची हानी झाली. मग तापलेल्या मजल्यांच्या लांब कैच्या लोंबल्या आणि त्यांनी बाहेरच्या बाजूचे खांब हळूहळू आत खेचले. वाकलेले खांब अखेर वरचा भार पेलेनासे झाले. इथे विनाशाकडे नेणारे सांधे ते, जे सुटले नाहीत. सांधा टिकला म्हणून ओढ खांबापर्यंत पोचली.

तिसरा पाठ क्रमांक सातच्या ४७ मजली इमारतीचा. तिच्यावरही विमान आदळले नव्हते. पाण्याची मुख्य वाहिनी फुटल्यामुळे खालच्या मजल्यांच्या स्प्रिंकलरांना पाणी नव्हते. सुमारे सात तास काही मजले जळत राहिले आणि सायंकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी ती कोसळली. त्याच संस्थेच्या नोव्हेंबर २००८ च्या अहवालाचा निष्कर्ष असा, की पोलाद दुबळे होण्याची वाटही पाहावी लागली नाही. ४०० अंशांच्या आतल्या तापमानालाच पूर्वेकडच्या लांब तुळया प्रसरण पावल्या आणि त्यांनी एका मुख्य गर्डरला बाजूला ढकलत नेऊन ७९ क्रमांकाच्या खांबावरच्या त्याच्या बैठकीवरून खाली उतरवले. मजले कोसळत गेले, त्या खांबाचा आडवा आधार नऊ मजल्यांच्या उंचीपर्यंत नाहीसा झाला, तो वाकला, आणि त्याच्यामागून सारी इमारत गेली. मुख्यतः आगीने एक उंच इमारत पूर्णपणे पाडल्याची ही पहिली ज्ञात घटना, असे त्या संस्थेने नमूद केले. लांबणाऱ्या तुळया ज्यावर टेकतात त्यालाच ढकलतात, हे ब्रेडवुडने गिरण्या-गोदामांच्या काळात सांगितले होते. भिंतीच्या जागी बैठक आली होती, एवढाच फरक.

एक सांधा तुटला म्हणून, दुसरा टिकला म्हणून आणि तिसरा घसरला म्हणून अनर्थ झाला. मग चांगला सांधा कोणता? ‘अधिक मजबूत’ हे उत्तर ह्या तीन पाठांनंतर पुरत नाही. १९६८ साली लंडनमध्ये रोनन पॉइंट ह्या बहुमजली इमारतीचा कोपरा गॅसच्या स्फोटाने ढासळल्यावर ब्रिटनमध्ये नियम आला होता की इमारतीचे भाग एकमेकांना ठरावीक ओढीपर्यंत धरून ठेवतील असे बांधलेले असावेत. नियम उत्तम, पण ती ओढ मोजली जात होती ती थंड सांध्याची. शेफील्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी गेल्या शतकाच्या अखेरीपासून आणि पुढे २००५ नंतरच्या काही वर्षांत निरनिराळ्या प्रकारचे सांधे तापवून, तिरपे ओढून, तुटेपर्यंत तपासले. नुसत्या पट्टीच्या सांध्यात बोल्ट कापले जात. पातळ टोकप्लेटेचा सांधा वेल्डिंगच्या कडेला फाटे. ह्यांच्या तुलनेत पुष्कळ अधिक सहनशील ठरला तो तुळईच्या दोन्ही बाजूंना अँगलचे तुकडे लावून केलेला सांधा. ओढ लागली की अँगल घडी उलगडावी तसा उलगडत जातो, सरळ होत होत लांबतो, आणि बराच वेळ तुळईला सोडत नाही.

ह्यात एक गंमत आहे. अँगलचा सांधा हा रिव्हेटांच्या काळातला, जुन्या वळणाचा. कारखान्यात वेल्डिंग करून आणलेल्या प्लेटा स्वस्त आणि सुटसुटीत झाल्यावर तो पुष्कळ ठिकाणी मागे पडला. त्याच्या अंगचा हा गुण कोणी मुद्दाम घातलेला नव्हता, आणि तो गेला तेव्हा काही गेले असे कोणाला वाटले नाही. आगीत सांध्याला लागते ती निव्वळ ताकद नव्हे. न सोडता लांबण्याची तयारी लागते. मराठीत ह्या गुणाला ‘चिवटपणा’ असा नेमका शब्द आहे.

आता आपल्याकडे येऊ. भारतीय मानक ब्यूरोच्या पोलादी बांधकामाच्या संहितेत, आय.एस. ८०० च्या २००७ च्या आवृत्तीत, अग्निरोधावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. सांध्यांबद्दल त्यात जे सांगितले आहे त्याचा आशय असा, की सांध्यात येऊन मिळणाऱ्या अवयवांपैकी ज्याला सर्वांत जाड आवरण लागते तेवढेच आवरण सांध्याला द्यावे, आणि ते बोल्टांची डोकी, वेल्डिंग आणि जोडपट्ट्या ह्यांच्यावरही कायम राखावे. नियम चांगला आणि आवश्यक आहे. पण तो तापण्यापुरता आहे. तुळई किती ढकलेल, किती ओढेल, आणि निवताना काय करील, ह्याचे उत्तर आवरणाच्या जाडीत मिळत नाही. ते सांध्याच्या घडणीतच शोधावे लागते. शिवाय प्रत्यक्ष बांधकामात सांध्याजवळचे आवरण हेच सर्वांत उपेक्षित काम असते. नळाची वाहिनी न्यायची म्हणून, छताचा टांगता सांगाडा अडकवायचा म्हणून कोणीतरी ते खरवडतो आणि पुन्हा लावायला कोणी येत नाही. वर खोटे छत लागले की तो सांधा पुढची तीस-चाळीस वर्षे कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

हा सगळा ऊहापोह अभियंत्यांपुरता ठेवता आला असता, तर आम्ही तो इथे केला नसता. पण त्यात माणसांचा प्रश्न आहे. फेब्रुवारी १९९१ मध्ये फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा ह्या ३८ मजली इमारतीत आग लागली. तीन जवान आतच मरण पावले. काही तासांनंतर इमारत ढासळण्याच्या भीतीने दलाच्या प्रमुखांनी सर्वांना बाहेर बोलावले. आग पुढे तिसाव्या मजल्यावरच्या स्प्रिंकलरांनी अडवली. इमारत पडली नाही. म्हणून तो निर्णय चुकला असे म्हणता येईल काय? रस्त्यावर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला ज्वाळा दिसतात, धूर दिसतो, लोंबलेला मजलाही एखादे वेळी कळतो. प्लेटेच्या कडेची चीर त्याला दिसत नाही. न्यूयॉर्कच्या सातव्या इमारतीभोवतालचा परिसर वेळेवर रिकामा केला गेला म्हणून तिच्या कोसळण्यात कोणी दगावले नाही. तिथेही निर्णय अंदाजानेच घेतला गेला होता.

आणि धोका सर्वांत कमी वाटतो तेव्हाची गोष्ट तर निराळीच. ज्वाळा विझल्या, धूर पांगला, पाणी ठिबकते आहे, पंचनाम्यासाठी माणसे आत जाऊ लागली आहेत, आपले सामान वाचले का हे पाहायला कोणी जिना चढतो आहे. नेमकी ती वेळ तुळयांच्या आखडण्याची असते. आग विझली ह्याचा अर्थ इमारतीची परीक्षा संपली असा होत नाही. ब्रॉडगेट आणि कार्डिंग्टन ह्यांनी शिकवलेली गोष्ट थोडक्यात सांगायची तर एवढीच, की पोलाद निवेपर्यंत आणि सांधे तपासून होईपर्यंत जळालेल्या पोलादी इमारतीवर विश्वास टाकू नये.

धाव चढवणारा लोहार पाणी ओतून झाल्यावर लगेच चाक उचलून देत नसे. तो थांबे, हातोडीने एकेका आऱ्याजवळ ठोकून आवाज ऐकत चाकाभोवती फिरे, आणि सगळे सांधे बसले अशी खात्री झाल्यावरच गाडीवानाला हाक मारी.